दहा सेकंदांची लाट

ओट्यावर तीन पायांच्या स्टँडवर एक मोबाइल होता. गोल दिवा एक. गळ्याशी लावायचे माइक दोन, त्यांतला एक चालू. भांडताना आपटायला ठेवलेली पातेली तीन, तिन्ही पोचे आलेली. आणि भांडायला माणसं दोन: मी आणि आत्ती. चॅनलचं नाव ‘दोन चुली’. सदस्य चार लाख बारा हजार. मागच्या महिन्याची मिळकत नऊ हजार सहाशे चाळीस रुपये.

शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कुणाचा विश्वास बसत नाही. विट्याच्या बाजारात भाजीवाली आत्तींना विचारायची, “आता पाटल्या कधी करताय?” आत्ती म्हणायच्या, “तू आधी कोथिंबिरीचा भाव कमी कर, मग करते.” जाहिरातींचा वाटा महिन्याच्या शेवटी येतो आणि तो किती येईल हे आदल्या दिवसापर्यंत कळत नाही. कंपन्या पैशांपेक्षा वस्तू खुशीने देतात. एका मसालेवाल्याने तीन व्हिडिओंचा मोबदला म्हणून अकरा किलो कांदा-लसूण मसाला पाठवला होता. तो आम्ही अजून खात होतो.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शालन. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. त्यांचा मुलगा रणजित माझा नवरा. विट्याची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ती गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर जातात, तसा तो सेलमला दुकानात होता. चार वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकचा टायर फुटला आणि तो गेला. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते. माझे आईवडील मला न्यायला आले. मी गेले नाही. का गेले नाही, हे मला त्यांनाही नीट सांगता आलं नव्हतं. आत्ती चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या आणि त्या पाठीकडे बघून मी बॅग परत आत नेऊन ठेवली, एवढंच आठवतं.

पुढे एकदा आत्ती सिलिंडरवाल्याला झापत होत्या, ते मी सहज टिपलं आणि टाकलं. सहा लाख लोकांनी पाहिलं. मग मी सासू-सुनेची भांडणं लिहायला लागले आणि आम्ही ती करायला लागलो. दोन वर्षं घर त्यावर चाललं.

आता मात्र आमचं एक ठरलं होतं. जालन्याच्या एका बियाणं तपासणी प्रयोगशाळेत मला नोकरी मिळत होती. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, बियांशी माझं जुनं सख्य. चॅनलवर सलग तीन महिने पंधरा हजारांच्या खाली आले, तर मी जालन्याला जाणार आणि आत्ती विट्यात एकट्या राहणार. पहिला महिना तर हातचा गेलाच होता.

मिळकत का घसरली, ते सोपं आहे. यंत्रांनी बनवलेल्या सासवा आल्या. कुणीतरी एका खोलीत बसून दिवसाला हजारो सासवा आणि तितक्याच सुना तयार करायचं. त्या थकत नव्हत्या, चहा मागत नव्हत्या. जाहिरातीचा पैसा तेवढाच राहिला आणि वाटेकरी कोटींनी वाढले. शेवटी आम्ही ज्यावर व्हिडिओ टाकायचो त्या ‘झरोका’ने एक उपाय काढला. त्याचं नाव नाडीखूण.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या त्वचेत थोडं रक्त येतं आणि ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून ठोक्यागणिक चेहऱ्यावरून परतणारा हिरवा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. डोळ्याला हे दिसत नाही. पण कॅमेऱ्याने कपाळावरच्या आणि गालांवरच्या हजारो बिंदूंची सरासरी काढली, तर त्या बारीक चढउतारातून नाडी मोजता येते. यंत्राने रंगवलेल्या चेहऱ्यात ही नाडी नसते, किंवा असली तरी कपाळ एक सांगतं आणि गाल दुसरंच. ज्या व्हिडिओतल्या प्रत्येक चेहऱ्याला नाडी, त्यालाच पैसे. मला हे फार आवडलं. आमच्या दोघींकडे नाडी तर होतीच.

पहिलाच व्हिडिओ परत आला. खाली लिहिलं होतं: चित्रातील एक व्यक्ती कृत्रिम असण्याची शक्यता ९४ टक्के.

“कोण एक?” आत्तींनी विचारलं.

“तुम्ही.”

“म्हंजे मी हाय का न्हाई?”

“त्यांच्या मते नाही.”

“मग कालचं दळण कुणी आणलं? त्येंच्या बानं?”

दोष पावडरीचा होता. आत्ती कॅमेऱ्यासमोर यायच्या आधी चेहऱ्यावर पावडरीचा असा थर द्यायच्या, की खालचं रक्त दिसायला वावच नव्हता. लाखो लोक बघणार, तर तोंड धुऊन पुसून तसंच कसं जायचं, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, “पावडर लावली तर तुम्ही मेलेल्या, नाही लावली तर जिवंत. बघा.” त्या बराच वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मग चेहरा साबणाने धुऊन आल्या. त्या दिवसापासून मोबाइलवरचं तपासणीचं बटण दाबायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. अर्धा मिनिट चेहरा स्थिर धरला की नाडी दिसते. “आले गं,” त्या ओरडायच्या, “पंचाहत्तर. जिती हाय.”

आम्हाला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या महिन्यात दर बदलले. झरोकाच्या पुणे ऑफिसातून वेदांग नावाच्या मुलाचा फोन आला. आमच्यासारख्या दोनशे चॅनलांची देखभाल त्याच्याकडे होती.

“प्रणोतीताई, तुमचे व्ह्यूज छान आहेत. पण ओढ कमी पडतेय.”

“ओढ म्हणजे?”

त्याने समजावून सांगितलं. नाडी मोजताच येते आहे, तर कंपन्यांनी पुढचा हिशेब केला होता. पडद्यावरच्या माणसाचं हृदय खरोखर धडधडतं, तिथे बघणारा थांबतो. जिथे नुसता अभिनय असतो, तिथे बोट पुढे सरकवतो. म्हणून आता धडधडीप्रमाणे पैसे. तिला त्यांनी शून्य ते दहा असे गुण ठरवले होते आणि नाव दिलं होतं ओढ.

“आणि ताई, एक विचारू का? रागावू नका. बसल्या जागी तुमच्या सासूबाईंची नाडी बहात्तर असते. भांडायला लागल्या की चौसष्टवर येते. म्हणजे त्या भांडताना विश्रांती घेतात.”

मी हे आत्तींना सांगितलं. त्यांना कौतुक वाटलं.

आम्ही उपाय करून पाहिले. शूटिंगच्या आधी आत्ती गच्चीचे जिने दोनदा चढून आल्या. झरोकाने श्वास ओळखला आणि शेरा मारला: शारीरिक श्रम, गुण वजा. मग त्यांनी एक हिरवी मिरची चावून भांडण केलं. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम, संवाद अप्रतिम. शेरा आला: तिखट. “ह्येला तिखट बी कळतंय,” आत्ती म्हणाल्या, “मग माणसं कशाला लागत्यात?”

सगळ्यांनीच काही ना काही शोधलं होतं. बारामतीकडचं एक जोडपं होतं, लटकी भांडणं करणारं, आमच्याच बरोबर सुरू झालेलं. त्यांनी खरी भांडणं सुरू केली. एकमेकांचे जुने निरोप वाचून दाखवले, माहेरचे उद्धार केले. दर आठवड्याला त्यांची ओढ वाढत गेली. त्यांचा शेवटचा व्हिडिओ सगळ्यांत जास्त कमावून गेला. तो त्यांनी दोन वेगवेगळ्या घरांतून केला होता.

“तसलं काही नको,” मी वेदांगला म्हटलं.

“मी कुठे म्हणतोय, ताई. मी फक्त दर सांगतोय.”

दुसरा महिना अकरा हजारांवर संपला.

चौसष्टचा आकडा मात्र माझ्या डोक्यातून जाईना. अभिनय करणाऱ्याची नाडी वाढत नाही हे समजू शकतं, पण ती कमी का व्हावी? झरोकाकडून नाडीचे कच्चे आकडे मिळतात. एका दुपारी आत्ती सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी शेजारी बसून लॅपटॉपवर त्यांचा आलेख काढला.

आत्तींची नजर आमच्या चॅनलवर प्रसिद्ध आहे. सून भडाभडा बोलत असते आणि सासू अर्धा मिनिट नुसती रोखून बघते. लोक त्या नजरेवर जीव टाकतात. मी आलेखात नेमका तोच भाग पाहिला. तिथे एक स्वच्छ लाट होती. नाडी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर, दर दहा सेकंदांनी एकदा.

श्वास आत घेताना हृदय थोडं भरभर चालतं, सोडताना सावकाश. आपण मिनिटाला चौदा-पंधरा श्वास घेतो, म्हणून ही लाट एरवी चार सेकंदांची आणि बारीक असते. श्वास मिनिटाला सहा एवढे संथ केले, की ती दहा सेकंदांची होते आणि उंच उठते. नुसतं गप्प बसून असं सहसा होत नाही. माणूस मोजून श्वास घेत असेल, किंवा एकच लांब ओळ पुन्हा पुन्हा मनात म्हणत असेल, तर होतं.

“आत्ती, मी बोलत असते तेव्हा तुम्ही मनात काय म्हणता?”

सुपातला हात थांबला. “कोण म्हणलं?”

“तुमची नाडी.”

“लई चोंबडी हाय.” त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला, मग आणखी एक, जो खडा नव्हता. “देवाला. रेवणसिद्धाला सांगती.”

“काय?”

“रेवणसिद्धा, ही माझी हाय, हिला माझं बोलणं लागू देऊ नगं.” त्यांनी ते संथपणे, एका लांब श्वासात म्हणून दाखवलं. मी मनात मोजलं. जवळजवळ दहा सेकंद.

“पण ते खोटं भांडण असतं. संवाद तर मी लिहिते.”

“तू लिवतीस. तोंड माझं असतंय न्हवं?”

त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी माझा आलेख त्यांना दाखवला नाही. त्याच अर्ध्या मिनिटात, तावातावाने बोलताना, माझ्या नाडीतही तीच लाट होती. जरा बुटकी, आणि त्यांच्या मागे एक-दीड सेकंद. समोरासमोर बसलेल्या, एकमेकांच्या सवयीच्या माणसांत असं होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मला फक्त ते माझ्या घरात माहीत नव्हतं.

तिसरा महिना वीस तारखेपर्यंत सहा हजारांवर रेंगाळला. जालन्याला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. बुधवारी दुपारी मी दिवा लावला, मोबाइल स्टँडवर बसवला आणि आत्तींना म्हटलं, “आज काही लिहिलेलं नाही. आज रेवणसिद्धालाही काही सांगू नका. एकदाच.”

 त्या पदर खोचून समोर बसल्या. “एकदाच.”

“शुक्रवारी जालन्याला होय म्हणायचंय,” मी सुरुवात केली.

“म्हण की.”

“एवढंच?”

“मग काय हलगी लावू?”

“तुम्ही एकट्या पडाल.”

“आदी बी एकटीच हुते. पोरगं सेलमला, त्येचा बाप त्या आदीच गेलेला. मला भ्या वाटत न्हाई.”

“मला वाटतं. तिथे जेवायला बसले की समोर कुणी नसेल.”

“मग आण की कुणीतरी! अठ्ठावीस वर्सांची पोर तू. कितींदा स्थळं आली, दारातनं माघारी लावलीस. किती दिवस माझ्या उरावर बसणार हाईस?”

हे मी लिहिलेलं नव्हतं. कानशिलं तापली.

“उरावर? मी तुमच्यासाठी राहिले इथे.”

“मी म्हणले हुते, ऱ्हा म्हणून?”

“तुम्ही काहीच म्हणाला नव्हता! चार वर्षं काहीच म्हणत नाही तुम्ही. मी म्हणणार होते, जालन्याला चला माझ्याबरोबर. पण तुम्ही गावभर सांगत फिरता, विट्यातनं माझा पाय निघत न्हाई.”

“गावाला सांगते. तू इचारलंस कवा?”

“विचारलं असतं तर आला असता?”

“आन् आले असते तर? नव्या गावात, नव्या नोकरीत, सासूचं लोढणं गळ्यात घालून फिरली असतीस? कुणी केली असती तुला? माझ्यापायी तुझं वाटोळं. जा तू! जा, आन् परत येऊ नगंस!”

शब्द सुटला आणि आत्तींनी दोन्ही हात तोंडावर दाबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या उठल्या, धडपडत माझ्याजवळ आल्या आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. “न्हाई. न्हाई गं. मी म्हणले न्हाई. ऐकलं न्हाईस तू.”

“आत्ती, काय झालं?”

“त्येला बी असंच म्हणले हुते.” त्यांनी माझं तोंड सोडलं नाही. “दिवाळीला सुट्टी न्हाई म्हणला फोनवर. मी म्हणले, मग येऊच नगंस. आठ दिसांत…”

रणजितशी त्यांचं शेवटचं बोलणं काय झालं, हे मी चार वर्षांत विचारलं नव्हतं.

“टायर फुटला होता, आत्ती.”

“ठावं हाय.”

“टायरला काही ऐकू येत नाही.”

“ठावं हाय गं मला. पर बोलले मीच न्हवं?”

मी त्यांना खाली बसवलं आणि पाणी दिलं.  मग दिव्याकडे लक्ष गेलं. तो चालूच होता, आणि मोबाइलही.

व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी झरोका अंदाज दाखवतो. ओढ ९.६. आत्तींची नाडी एका जागी १३१ पर्यंत गेली होती. अपेक्षित मिळकत त्रेचाळीस हजार. आत्ती तोंड धुऊन आल्या.

“किती म्हणतोय?”

मी आकडा सांगितला.

“म्हंजे जालन्याला जायाला नगं.”

“तीन महिने नको. मग परत असं एक लागेल.”

“तवा काय बोलायचं?”

 आमच्या दोघींच्या आत अजून काय काय आहे, आणि ते किती महिने पुरेल, असा हिशेब मी करू पाहिला आणि सोडून दिला. आत्ती ओट्याशी आल्या. मोबाइल हातात न घेता त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “त्यात त्येचं बोलणं हाय. त्ये न्हाई इकायचं.”

“नाही विकायचं.”

मी तो व्हिडिओ टाकला नाही. पुसलाही नाही. दिवा बंद केला.

“जालन्याला चला, आत्ती,” मी म्हटलं. “विचारतेय.”

त्यांनी आपटायची तीन पातेली एकात एक घातली. ती नीट बसत नव्हती. “खोली केवढी हाय?”

“दोन आहेत. लहान.”

“ल्हान म्हंजे? माझा पाटा-वरवंटा बसंल का?”

पाटा-वरवंटा बसला. माझं कपाटच बाहेरच्या खोलीत आलं. जालन्यात मी दिवसभर बिया मोजते. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागद गुंडाळायचा, ठरावीक तापमानाला ठेवायचा आणि किती उगवल्या ते लिहायचं. पगार एक तारखेला येतो. तो आदल्या दिवशीही तेवढाच असतो, याचं मला अजून नवल वाटतं. चॅनलवर रविवारी काहीतरी टाकतो, कधी पिठलं, कधी शेजारणीशी गप्पा. महिन्याला दोन-अडीच हजार येतात. वेदांगने एकदा फोन करून ख्यालीखुशाली विचारली. तोही नोकरी शोधत होता.

आत्ती कॅमेऱ्यापुढे भांडत नव्हत्या आणि कॅमेऱ्यामागेही नव्हत्या. मी भात करपवला तरी “असू दे” म्हणायच्या. ते “असू दे” मला हळूहळू खुपायला लागलं होतं.

मग घेवड्याचं झालं. विट्याच्या परसातला घेवडा आत्तींनी बियाण्याला धरून आणला होता, एका कापडाच्या पुरचुंडीत. मला तो दिसला. गावठी वाण, तीन वर्षांचं बी, उगवण किती असेल? मी पुरचुंडी उचलून प्रयोगशाळेत नेली. आठ दिवसांनी आनंदाने घरी येऊन सांगितलं, “आत्ती, तुमचा घेवडा त्र्याण्णव टक्के!”

त्या मागच्या दाराशी कुंडीत माती भरत होत्या. “कुठला घेवडा?”

“पुरचुंडीतला. चाचणी केली.”

“समदा?”

“शंभर लागतात चाचणीला. होत्याच एकशे चार.”

“समदं बी भिजवलंस?” त्या उभ्या राहिल्या. “प्येरायला ठेवलं हुतं मी त्ये! मग ह्या कुंड्या काय तुझ्या बारशाला आणल्यात?”

“पण त्र्याण्णव उगवल्या, आत्ती!”

“कुठं उगवल्या? कागदावर! आन् मग काय केलंस त्येंचं?”

“टाकून दिल्या. तशी पद्धतच असते.”

“पद्धत! बारा वर्सं जपलेलं वाण कागदावर उगवून टाकून दिलं, आन् वर मला टक्के सांगतीस! जळो तुझं शिक्षान!” मातीचा हात त्यांनी असा झटकला की माझ्या ओढणीवर शिंतोडे उडाले. “इचारावं तरी माणसानं! तोंड दाखवू नगंस मला आज!”

“घरात दोनच खोल्या आहेत, कुठे जाऊ?”

“दुसरीत जा!”

मी दुसरीत गेले. त्यांनी भाकरी थापल्या, त्या नेहमीपेक्षा जोरात. माझं ताट दारात सरकवलं. मी मोठ्याने म्हटलं की मीठ कमी आहे. त्या त्याहून मोठ्याने म्हणाल्या की प्रयोगशाळेतनं आण. आम्ही न बोलता झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा आत्ती माझ्या अंथरुणाशी बसल्या होत्या. न्हाऊन, कुंडीतली माती नखांतून काढून. हातात माझा मोबाइल होता आणि तो त्यांनी माझ्या चेहऱ्यासमोर दोन्ही हातांनी धरला होता. तपासणीचं बटण त्यांनी दाबलेलं होतं.

“आत्ती, काय…”

“हलू नगंस. काल मी नगं त्ये बोलले.”

मी हलले नाही. त्यांनीही श्वास रोखून धरला होता. मोबाइलने तीस सेकंद घेतले.

नाडी: मिनिटाला ७१. लय: नियमित.